पोरगा कुणाचा

ब्लू नदीकाठ, चिकसॉ राष्ट्र
२० जुलै १८७५

निरोदादा,

आधी खाली बैस आणि मग पुढे वाच. आपल्या जोनासच्या हातून माणूस मेला.

शिमाहोकीचा वायट. हो, तोच. पायाळू जन्मला होता, मीच तीन तास घाम गाळून त्याला या जगात आणला होता. गेल्या बुधवारी तो दारू पिऊन आमच्या मक्याच्या शेतावर आला आणि कुंपणाची लाकडं उपसून फेकायला लागला. म्हणे, "जमीन राष्ट्राची आणि राष्ट्र आमचं. तुमचं नाव कुठल्या वहीत आहे ते दाखव!" जोनास म्हणाला, "वही राहू दे रे, डुकरं आत शिरतील. ठेव ते लाकूड खाली." लहानपणी दोघं एकाच ओढ्यात डुंबले, एकाच बाजूनं चेंडू खेळले. वायटनं पिस्तूल काढलं. जोनासच्या हातात ओंडके फोडायची मोगरी होती. एकच घाव बसला आणि तिसऱ्या दिवशी वायट गेला.

शेरीफ लेव्हाय आला तेव्हा जोनास ते कुंपण परत उभं करत होता. शेरीफ म्हणाला, "चल बाबा." जोनास म्हणाला, "दोनच लाकडं राहिलीत." लेव्हाय थांबला, बिचारा.

दादा, या चिकसॉ इंडियनांच्या गुलामीतून सुटून नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं आपण काळी माणसं राष्ट्राच्या दारात उभे आहोत, की आम्हाला तुमचे म्हणा. ते म्हणतात, अमेरिकेकडे जा. अमेरिका म्हणते, चिकसॉंकडे जा. घर का ना घाट का. आता लोक सांगतात, खटला इथल्या परगण्याच्या कोर्टात चालेल, नाहीतर अमेरिकेचा मार्शल त्याला त्यांच्या कोर्टात, फोर्ट स्मिथला नेईल. पण तूच नाताळात लिहिलं होतंस की मार्शलच्या गाड्या तुझ्या तराफ्यावरून फोर्ट स्मिथकडे जाताना कैद्यांनी भरलेल्या असतात आणि येताना रिकाम्या.

मी काय करू ते सांग. एकुलता एक आहे रे.

महाला


आर्कान्सा नदीचा उतार, क्रीक राष्ट्र
२ ऑगस्ट १८७५

महाला,

रडणं पुरे कर आणि ऐक. मार्शल डॅबनी माझ्या तराफ्यावरून जातो. काल त्याला माझ्या तेनाच्या हातचे तळलेले मासे पोटभर खायला घातले आणि सगळं सांगितलं. तो सुनावणीला कागद घेऊन येईल आणि पोराला मागेल. तू त्याला जाऊ दे.

फोर्ट स्मिथला वकील मिळतो. पिस्तूल आधी कुणी काढलं हे तिथे विचारतात. तुमच्या परगण्यात पंच म्हणून कोण बसणार? वायटचे काका, मावसे आणि काकांचे व्याही. रिकाम्या गाड्यांचं ते मी गमतीनं लिहिलं होतं. तुला ठाऊक आहे मला लिहिताना चेव येतो. माझी गंमत बायबलात लिहून ठेवू नकोस.

कोर्टात तुला विचारलं तर एकच वाक्य बोल: पोरगा चिकसॉ नाही. बस. तुझा स्वाभिमान घरी खुंटीला टांगून जा.

मामा म्हणून मीच यायला हवं होतं. पण तेनाचे दिवस भरत आलेत. दोन पोरं पोटातच गेली, या वेळी तिला सोडून हलवत नाही.

निरो


ब्लू नदीकाठ
२४ ऑगस्ट

दादा,

फाशी. ऑक्टोबरची आठ तारीख, शुक्रवार.

मार्शल आला होता, कागद घेऊन आला होता. न्यायाधीशांनी त्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं. कसं ते विचारू नकोस. पंच आत जाऊन मक्याच्या पशोफ्याचं एक भांडं संपेपर्यंतसुद्धा बसले नाहीत.

परगण्याला तुरुंग नाही, हे तुला माहीत आहे. त्यांच्या माणसाला सोडतात तसंच जोनासला शब्दावर सोडलंय. मका काढ, घरातलं आवर आणि ठरल्या दिवशी ये. आजवर तो शब्द कुणी मोडलेला नाही. काळ्या माणसाचा शब्द त्यांनी घेतला तो मात्र याच वेळी, पहिल्यांदा. त्या दिवसापासून जोनास ताठ मानेनं चालतोय. मला त्या ताठ मानेचीच भीती वाटते. रोज पहाटे उठून कणसं काढतो, गाणं म्हणतो, आणि मी चुलीपाशी तोंडात झग्याचं टोक कोंबून बसते.

घोडा पाठव दादा. चांगला पळणारा पाठव. मी त्याला पटवते.

महाला


आर्कान्सा नदीचा उतार
३ सप्टेंबर

महाला,

मार्शल डॅबनी परत जाताना भेटला. मी विचारलं, "साहेब, पोरगा कुठाय?" तो नदीत थुंकला आणि म्हणाला, "तुझ्या बहिणीला विचार." आता तुला विचारतो. काय केलंस तू?

आणि दुसरी गोष्ट. मला झोप लागत नाही ती हिच्यामुळे. आपल्या लहानपणी कुणाला शब्दावर सोडलं की त्याला बाहेर नेत आणि मग त्याच्या आईकडचं कुणीतरी पुढे येऊन कोर्टाच्या बाकावर हात टेकायचं. "हा आला नाही तर याच्या जागी मी आहे." आपण दोघांनी खिडकीतून पाहिलंय. बहुतेक मामाच टेकायचा. जोनासचा मामा तर इथे तराफा ओढत बसला होता. मग हात कुणी टेकला?

तेनाचा भाऊ कजो घोडी घेऊन निघालाय. तांबडी आहे, माझ्याकडची सगळ्यात चांगली. तिला गाठील असा घोडा या नदीच्या दोन्ही काठांवर नाही. पोराला म्हणावं, मामाची आज्ञा आहे. आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर दे.

निरो


ब्लू नदीकाठ
२० सप्टेंबर

दादा,

जोनास काल कजोबरोबर निघाला. पाच दिवस आमची हुज्जत चालली होती.

"आई, मी शब्द दिलाय."

"कुणाला दिलास? ज्यांच्या वहीत तुझं नाव नाही त्यांना? मग तुझा शब्द तरी ते कुठे लिहिणार?"

"म्हणूनच मोडायचा नाही. एकदा मोडला की म्हणतील, बघा, यांची जातच तशी."

"म्हणू देत. नऊ वर्षं म्हणतातच आहेत. त्यानं कुणी मरत नाही."

मग त्यानंही तुझाच प्रश्न विचारला, की मला बाहेर नेल्यावर हात कुणी टेकला. मी सांगितलं, मलिंडाबाईनं. आपल्या जुन्या मालकिणीच्या केसाला धक्का लावायची परगण्यात कुणाची छाती नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. तेव्हा कुठे तो घोडीवर बसला. मी त्याला भाजलेल्या मक्याची पिशवी दिली आणि पाठीत एक धपाटा घातला.

तुलाही तेच उत्तर. काळजी करू नकोस.

महाला


आर्कान्सा नदीचा उतार
२६ सप्टेंबर

महाला, माझे बाई,

पोरगा पोचला! शुक्रवारी संध्याकाळी आला आणि दारातच घोडीच्या मानेवर झोपून गेला. काल दिवसभरात त्यानं सहा मासे, एक कोंबडी आणि तेनानं बाळंतपणासाठी ठेवलेला सगळा लोणी-मध फस्त केला. तेना म्हणते, "खाऊ दे, माझं काय, मी पाणी पिऊन जगते."

हो, ती बाळंत झाली. मुलगी. जिवंत आहे आणि ठणाणा बोंबलतेय, म्हणून नाव महाला ठेवलंय.

तुझं पत्र नेहमीसारखं मी काठावर उभं राहून मोठ्यानं वाचलं. पलटणीतली सवय, जाता जात नाही. ज्याला वाचता येतं त्यानं सगळ्यांसाठी वाचायचं. अर्धी वस्ती गोळा होते. धपाट्याचं वाचलं तेव्हा सगळे हसले आणि जोनास लाजला.

त्यालाही विचारलं, कोर्टात आई काय बोलली? म्हणाला, "ते आईलाच विचार, मामा." दोघं माय-लेक एकाच मापाचे. मलिंडाबाईनं हात टेकला म्हणतेस, पण ती बाई आपल्यासाठी खुर्चीवरून तरी उठली होती का कधी? असो. मला आज भांडायचं नाही.

मका तिथेच सोड आणि इकडे निघून ये. इथे काळ्या माणसाला जमीन आहे, मत आहे, आणि आता भाचीही आहे.

निरो


ब्लू नदीकाठ
१ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र आलं. मुलगी झाली, फार बरं झालं. बेंबी नीट सुकू दे म्हणावं. कोंबड्या अंडी देताहेत. मका निम्मा घरात आलाय, उरलेला मी एकटी सोलते. हवा कोरडी आहे, बोटं फाटतात.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मलिंडाबाई गाडीतून घरी आली. खुर्चीवरून उठली, बघ. म्हणाली, "महाला, फोर्ट स्मिथला तुझ्या पोराला कोण ओळखतं? इथे पंचांनी त्याला चेंडू खेळताना पाहिलंय. आमचा म्हण, आम्ही त्याला सोडवतो." मला तुझ्या रिकाम्या गाड्या दिसत होत्या. आणि खरं सांगू? नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी "आमचा म्हण" असं म्हणालं होतं.

मार्शलनं कागद दाखवला, "तुमच्या कुठल्याही वहीत याचं नाव नाही, तेव्हा हा आमचा." न्यायाधीश म्हणाले, "आमच्यात मूल आईचं असतं, आईला विचारा." मला उभं केलं. "पोरगा कुणाचा?"

मी म्हटलं, "तुमचा."

जोनासनं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. तो चेहरा मला विसरता येत नाही. तासाभरानं त्यांनी त्याला फाशी सांगितली. मलिंडाबाई खाली बघत आपले हातमोजे घालत होती. नऊ वर्षं ज्याला आपलं म्हणाले नाहीत, त्याला फास लावण्यापुरतं आपलं म्हटलं. आणि ते माझ्याच तोंडून वदवून घेतलं.

त्याला बाहेर नेल्यावर बाकावर हात मी टेकला. मामा नव्हता, मग आईनं टेकला. शुक्रवारी चर्चचा पोशाख घालून मी जाणार आहे. पोराला मी "तुमचा" म्हणून दिला, तर मीच जायला हवं. यात कुणाचा उपकार नाही. मी ठरवलंय आणि मला भीतीही वाटते, पण त्याला पळवलाय याचा आनंद भीतीहून मोठा आहे.

हे जोनासला वाचून दाखवू नकोस. निदान शुक्रवार उलटेपर्यंत नको. नंतर सांग, ताप आला आणि गेली.

बाळाचा पापा घे.

तुझी महाला


आर्कान्सा नदीचा उतार
५ ऑक्टोबर

महाला,

काय केलंस! ते वाक्य आधी का नाही लिहिलंस? कोंबड्या, बेंबी, बोटं, आणि "वाचून दाखवू नकोस" शेवटी!

टपाल जोनासनंच आणलं. "आईचं पत्र! मामा, वाच!" मी काठावर उभा राहिलो, नेहमीसारखा. माणसं जमली. कोंबड्यांपर्यंत सगळे हसत होते. मलिंडाबाईचं आलं तिथे मी अडखळलो. मला वाटलं, पोराला ते ठाऊकच आहे, वाचून टाकू. "तुमचा" वाचलं. आणि हात टेकल्याचं वाक्यही माझ्या तोंडून निघून गेलं. वाचणारा एक वाक्य मागे असतो गं, तोंड पुढे धावतं. मी थांबलो तेव्हा फार उशीर झाला होता.

जोनासनं पाठ फिरवली. सरळ तबेल्यात गेला. मी लगाम धरला तर लहानपणी चावायचा तसा मनगटाला कडकडून चावला. तांबडी घेऊन गेला. कजो दुसऱ्या घोड्यावर मागे गेलाय, पण त्या घोडीला गाठील असा घोडा नाही. हे मीच तुला फुशारकीनं लिहिलं होतं.

तू जाऊ नकोस. शुक्रवारी आजारी पड, खोटं बोल, जंगलात लप. तो येतोय, त्याला वाटेत अडव. देवा, हे पत्र तुला वेळेत मिळू दे.

निरो


ब्लू नदीकाठ
८ ऑक्टोबर, संध्याकाळ

दादा, दादा,

मी जिवंत आहे!

सकाळी गेले. अंगणात सगळा परगणा. लेव्हाय पुढे आला. "महालाबाई, पोरगा कुठाय?" मी म्हटलं, "गेला. हात मी टेकला होता, मी आलेय." त्याला घाम फुटला. न्यायाधीशांनी कायद्याचं पुस्तक तीनदा चाळलं. पोरासाठी आईला लटकवा असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. मग म्हातारे म्हणाले, रीत पुस्तकाहून जुनी आहे, मेलेल्याच्या आईला विचारा.

शिमाहोकी उठली. वायट गेल्यापासून तिनं केस विंचरलेले नाहीत. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि सगळ्यांना विचारलं, "हिचं कूळ कोणतं?"

उत्तर तिनंच दिलं.

"कूळ आईकडून येतं. हिच्या आईला कुठल्या बाजारातून आणली, देव जाणे. कूळ नसलेल्या बाईच्या रक्तानं माझ्या वायटचं रक्त फिटत नाही. पाठवा हिला घरी."

लोक माना डोलवायला लागले. मी खाली मान घालून उभी होते. ती वळली, माझ्या कानाजवळून गेली आणि हळूच म्हणाली, "पायाळू होता गं तो." एवढंच. तो अपमान होता की दया होती, मला अजून कळत नाही. मला कळून घ्यायचंही नाही. मी घरी चालत आले आणि अंगणात बसून पोटभर रडले.

उरलेला मका दोन दिवसांत सोलते, कोंबड्या शेजारी देते आणि मी निघते. जोनासला तिथेच ठेव. इकडे त्याच्या नावाचा फास अजून आहे, लेव्हायनं मला बजावलंय. ऐकेना झाला तर खांबाला बांध.

हे पत्र मात्र मोठ्यानं वाच. काठावर उभा राहून, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं वाच.

महाला


ब्लू नदीकाठ
१९ ऑक्टोबर

दादा,

तुझं पाच तारखेचं पत्र मला बारा तारखेला मिळालं. तोवर सगळं झालं होतं.

तो शनिवारी आला. नऊ तारखेला, दुपारी. मी शेतात कणसं सोलत होते. वरच्या वाटेनं एक घोडं भरधाव गेलेलं मी ऐकलं. मनात आलं, कुणाला एवढी घाई आहे. मान वर केली नाही, दोनच ओळी राहिल्या होत्या. घर वाटेपासून हाकेच्या अंतरावर आहे, पण तो घराकडे वळला नाही. आई घरी असेल असं त्याला वाटलंच नव्हतं.

थेट कोर्टासमोर जाऊन त्यानं लेव्हायला विचारलं, "माझ्या आईला कुठे पुरलं?" लेव्हाय म्हणाला, "अरे वेड्या, ती घरी मका सोलतेय." जोनास पायरीवर बसला आणि हसायला लागला, म्हणे. बराच वेळ हसत होता. लेव्हायनं मला रडत रडत सांगितलं, "त्यानं पळावं म्हणून मी विहिरीवर पाणी आणायला जातो सांगून पाठ फिरवली होती, बाई. पण वायटचे दोघे भाऊ बंदुका घेऊन समोरच बसले होते."

रविवारी मला भेटू दिलं. म्हणाला, "मामाला सांग, त्याचा दोष नाही. पत्र मोठ्यानंच वाचायचं असतं." मग म्हणाला, "आई, धपाटा घाल." मी घातला.

सोमवारी सकाळी झालं. त्याचं कूळ कुणी विचारलं नाही. कारकुनानं वहीत नाव लिहिलं, मी वाकून वाचलं: जोनास, चिकसॉ. नऊ वर्षं मागत होतो ते मिळालं, त्याला एकट्याला.

संध्याकाळी शिमाहोकी आली. केस तसेच. माझ्यासमोर बसली आणि उरलेली कणसं सोलायला लागली. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघींनी सोलली. ती पुन्हा आली नाही.

तू स्वतःला दोष देत असशील. देऊ नकोस. तू एक वाक्य जास्त वाचलंस. मी एक शब्द जास्त बोलले, आणि तो आधी बोलले.

मी येत नाही. कबर इथे आहे, ती कुणाच्या जमिनीत आहे ते मला ठाऊक नाही, पण ती इथून हलवा म्हणाले तर हलवायला मी इथे हवी.

कजो उशिरा पोचला. तो घोडी परत घेऊन येतोय. तिला आठ दिवस तरी गाडीला जुंपू नकोस, फार पळाली आहे ती.

महाला